न बोलणाऱ्यांचं देणं

लुई व्हिक्तोर लबोर्न हा बुटांचे लाकडी साचे घडवणारा कारागीर होता. लहानपणापासून त्याला फिट येत. तिशीत त्याची वाचा गेली आणि पुढची एकवीस वर्षं त्यानं पॅरिसजवळच्या बिसेत्र रुग्णालयात काढली. काहीही विचारलं तरी त्याच्या तोंडून एकच अक्षर निघायचं, 'तां'. बहुतेकदा दोनदा, 'तां तां'. रुग्णालयात सगळे त्याला त्याच नावानं ओळखत. फारच संतापला तर एक शिवी मात्र अगदी स्वच्छ यायची. एप्रिल 1861 मध्ये पायाला गँगरीन झाल्यामुळे त्याला पॉल ब्रोका ह्या सर्जनकडे आणलं. ब्रोकांनी विचारलं, किती वर्षं आहेस इथे? त्यानं हाताची पाचही बोटं चार वेळा उघडली आणि वर एक बोट दाखवलं. हिशेब बिनचूक होता. 17 एप्रिलला तो वारला. दुसऱ्याच दिवशी ब्रोकांनी त्याचा मेंदू पॅरिसच्या मानवशास्त्र परिषदेपुढे ठेवला. डाव्या बाजूला, कपाळामागच्या भागात तो नष्ट झालेला होता. माणूस बोलतो ते मेंदूच्या ठरावीक जागेच्या बळावर, हे त्या दिवशी पहिल्यांदा डोळ्यांना दिसलं.

मी स्पीच थेरपिस्ट. उभं आयुष्य सोलापुरात, अर्धांगवायूच्या झटक्यानं वाचा गेलेल्या माणसांबरोबर काम केलं. कुणाकुणाचं देणं आहे ह्याचा विचार करायला बसले की पहिलं नाव ह्या कारागिराचं येतं. त्याचा मेंदू कुणी त्याला विचारून घेतला नव्हता, आणि विचारलं असतं तरी त्याच्याजवळ उत्तराला 'तां' एवढंच होतं. दीडशे वर्षांहून अधिक काळ जगभरचे विद्यार्थी त्याचं आजारपण वाचून शिकले. त्याचं पूर्ण नाव, गाव आणि धंदा मात्र एका पोलिश इतिहासकारानं जुनी दप्तरं धुंडाळून काढली, ती थेट ह्या शतकात. तोवर पुस्तकात तो फक्त 'तां' होता. मला ते फार लागायचं.

माणसाचा मेंदू बोलायला कसा लागला, हा प्रश्न मुळातच अवघड, कारण बोलण्याचे अवशेष जमिनीत उरत नाहीत. हाडं उरतात, दगडाची हत्यारं उरतात. मेंदू उरत नाही. कवटीच्या आतल्या अंगावर त्याचा पुसट ठसा तेवढा राहतो. नर्मदाकाठी हथनोऱ्याला 1982 मध्ये अरुण सोनकियांना कवटीचा तुकडा सापडला. भारतातल्या प्राचीन मानवाचा हा फार मोलाचा पुरावा. पण ती नुसती कवटीची टोपी आहे, तीही अर्धी. जबडा नाही, गळ्याचं हाड नाही. त्या माणसानं नदीकाठी बसून कुणाला काय सांगितलं असेल, ह्याबद्दल ती काही बोलत नाही. चिंपांझीचा मेंदू साधारण 400 घनसेंटिमीटर आणि आपला 1350 च्या आसपास, एवढं मोजता येतं. पण मेंदू मोठा झाला म्हणून वाचा फुटली असं म्हणणं पुरेसं नाही. मग पुरावा आणायचा कुठून? आज जिवंत असलेल्या प्राण्यांकडून, आपल्या जनुकांमधून, आणि सगळ्यात जास्त त्या माणसांकडून, ज्यांची वाचा तुटली. जिथे तुटतं तिथे जोड दिसतात.

हे मला शिकवलं आमच्या बाईंनी. मुंबईत शिकत असताना त्या आम्हाला वाचाघात हा विषय शिकवायच्या. पहिल्या तासाला त्यांनी पुस्तक उघडायला लावलं नाही. प्रत्येकीच्या हातावर भाजलेले शेंगदाणे ठेवले आणि म्हणाल्या, "खा, आणि खाताना एक हात जबड्यावर ठेवा. जबडा काय करतो ते बघा." जबडा खाली-वर, खाली-वर. "आता म्हणा, बाबाबाबा." जबडा तसाच, खाली-वर. सहा-सात महिन्यांचं बाळ पहिल्यांदा बडबडतं ते ह्याच हालचालीवर. पीटर मॅकनिलेज ह्या अभ्यासकाचं म्हणणं बाईंनी आम्हाला असं शेंगदाण्यांवर समजावलं : बोलण्यातल्या अक्षराचा सांगाडा म्हणजे चावण्याच्या, ओठ मिटण्या-उघडण्याच्या जुन्या हालचालीचा नवा उपयोग. माकडं एकमेकांना मैत्री दाखवायला ओठांची चपचप करतात. पुढे संशोधकांनी तिचा वेग मोजला, तेव्हा तो सेकंदाला पाचच्या आसपास भरला. आपण बोलताना अक्षरांचा वेगही जवळपास तेवढाच असतो. 'तां तां तां' ह्यात दुसरं काय आहे? जबड्याचा सांगाडा शाबूत, त्यात दर वेळी नवं व्यंजन, नवा स्वर भरणारा हात तेवढा गेलेला.

बाईंचं एक वाक्य मी पुढे माझ्या विद्यार्थिनींनाही सांगत आले : मेंदूनं भाषेसाठी नवं सामान जवळजवळ आणलंच नाही. पडलेल्या वाड्याचे वासे, तुळया, दगड काढून त्याच जागी घर बांधावं, तशी ही वाचा बांधली गेली आहे. श्वास जगण्यासाठी होता. जीभ घास फिरवायला होती. स्वरयंत्राचं आद्य काम फुप्फुसात पाणी आणि अन्न जाऊ न देणं. डाव्या कपाळामागचा तो भाग हाताच्या आणि तोंडाच्या नेमक्या हालचाली जुळवत होता. माकडाच्या मेंदूत त्याच्याशी नातं सांगणारा भाग आजही तेच करतो. ह्या सगळ्यांनी आपापली जुनी कामं न सोडता नवं काम अंगावर घेतलं. म्हणूनच बोलता बोलता ठसका लागतो, आणि म्हणूनच झटका आलेल्या माणसाची वाचा जाते तेव्हा पुष्कळदा गिळणंही बिघडतं. आम्हा थेरपिस्टना बोलण्याच्या आधी त्याच्या गिळण्याकडे बघावं लागतं, ते ह्या जुन्या नात्यापायीच.

पूर्वी पुस्तकांत असं होतं की माणसाचं स्वरयंत्र गळ्यात खाली सरकलं, म्हणून तो बोलू लागला. माझ्या विद्यार्थिदशेत हेच उत्तर लिहिलं की मार्क मिळत. आता ते तसं राहिलेलं नाही. लाल हरणाचंही स्वरयंत्र खाली असतं. ते डरकाळ्या फोडतं, बोलत नाही. 2016 मध्ये टेकमसे फिच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माकड जिवंतपणी आवाज काढतं, खातं, तोंड हलवतं तेव्हाची क्ष-किरण चित्रं घेऊन त्याच्या घशा-तोंडाची मापं काढली. निष्कर्ष असा निघाला की त्या घशातून समजण्याजोगं बोलणं निघू शकतं. अडचण घशाची नाहीच. अमेरिकेत हेज दांपत्यानं व्हिकी नावाचं चिंपांझीचं पिल्लू घरात मुलासारखं वाढवलं. वर्षानुवर्षं मेहनत घेऊन तिला 'मामा', 'पापा', 'कप' असे मोजके शब्द आले, तेही कुजबुजल्यासारखे. उलट वॉशू नावाच्या चिंपांझीला हातांच्या खुणांची भाषा शिकवली, तर ती शंभराहून अधिक खुणा शिकली. माकडाचं ओरडणं मेंदूच्या आतल्या, भावनेशी जोडलेल्या जुन्या भागातून उठतं. भीती, भूक, राग आला की येतं. माणसात मात्र मेंदूच्या वरच्या थरापासून स्वरयंत्र हलवणाऱ्या चेतापेशींपर्यंत थेट तंतू उतरतात. त्या तंतूंमुळे आपण ठरवून आवाज काढतो, ठरवून थांबवतो. जुना मार्गही आपल्यात आहेच. वाचा गेलेला माणूस मोठ्यानं रडतो, खळखळून हसतो, ठेच लागली तर 'आई गं' म्हणतो. नातेवाईक म्हणतात, "बघा, हे बोलू शकतात, मुद्दाम बोलत नाहीत." अशा वेळी मी त्यांना बसवून हे दोन मार्ग कागदावर काढून दाखवते.

आता बुवांविषयी. मंगळवेढ्याकडच्या एका गावचे हे कीर्तनकार. थोडी कोरडवाहू शेती, आणि पंचक्रोशीत सप्ताह असला की बुवांचं कीर्तन ठरलेलं. साठीच्या आसपास झटका आला. उजवा हात लुळा पडला आणि तोंडी एकच शब्द राहिला, 'तेच'. पाणी हवं असलं तरी 'तेच', मुलगा दिसला तरी 'तेच'. समजायचं सगळं. सीटी स्कॅनमध्ये डाव्या बाजूचा काळा डाग कपाळामागून खूप आतपर्यंत गेलेला दिसत होता. चित्रांची कार्डं, आरशासमोर ओठांची हालचाल, वाक्य अर्धं म्हणून त्यांच्याकडून पुरं करून घेणं, असं रीतीप्रमाणे सगळं चालू होतं. प्रगती जवळपास नव्हती. बुवा मान खाली घालून बसायचे.

त्यांच्या बायकोला सगळे माई म्हणत. त्या रोज येऊन भिंतीला टेकून बसत आणि सगळं बघत. एक दिवस मला म्हणाल्या, "ताई, ह्यास्नी ताल धरू द्या की. बोलायला येईना, पर ताल कुठं गेला असंल?" टाळ धरायला उजवा हात साथ देत नव्हता. माईंनी त्यांचा डावा हात उचलून टेबलावर ठेवला आणि स्वतः बोटांनी ठेका धरला. बुवांचा हात त्याबरोबर पडू लागला. मग माईंनी त्यांच्या नेहमीच्या अभंगाचं धृपद सुरू केलं. दुसऱ्या ओळीला बुवा मिसळले. तिसरी ओळ त्यांनी एकट्यानं म्हटली, शब्दन् शब्द स्पष्ट. शेजारच्या खोलीतले लोक दारात येऊन उभे राहिले. अभंग संपला. मी त्यातलाच एक सोपा शब्द दाखवून म्हटलं, "बुवा, हा म्हणा." बुवा म्हणाले, "तेच."

असे रुग्ण असतात हे मला वाचून ठाऊक होतं. ब्रोकांच्याही शंभरावर वर्षं आधी, 1745 मध्ये, उलोफ दालिन ह्या स्वीडिश लेखकानं अशा माणसाची नोंद करून ठेवली आहे, ज्याची वाचा गेली होती पण चर्चमधली भजनं तो म्हणायचा. बोस्टनच्या थेरपिस्टांनी 1973 मध्ये ह्याच गोष्टीचा आधार घेऊन उपचाराची पद्धत बसवली : वाक्य सुरात म्हणायचं, डाव्या हातानं ठेका द्यायचा, आणि हळूहळू सूर काढून घ्यायचा. पण पुस्तकात सगळा भर सुरावर होता. माई तालाला धरून चालल्या. आम्ही त्यांच्या मागे गेलो. 'पा-णी दे', 'च-हा नको', 'शे-तात चला', अशी छोटी वाक्यं बुवांच्या डाव्या हाताच्या ठेक्यावर बसवली. सूर जवळजवळ सपाटच. त्यानंतर काही वर्षांनी, 2011 मध्ये, जर्मनीत बेन्यामिन श्टाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. अशा रुग्णांना मदत होते ती सुरापेक्षा तालाची आणि शब्द आधीच पाठ असण्याची, असं त्यात मांडलं होतं. तो निबंध वाचताना मला भिंतीला टेकून बसलेल्या माई दिसत होत्या. त्या शाळेत दोन-तीन इयत्तांपलीकडे गेलेल्या नव्हत्या. नवऱ्याच्या मागे उभं राहून इतकी वर्षं जे ऐकलं होतं, त्यातून त्या बोलल्या.

बुवांकडून मी शिकले ते आणखी खोल होतं. वारकरी कीर्तनात अभंग असतो आणि निरूपण असतं. अभंग पाठ असतो, पिढ्यान् पिढ्या घोटलेला. निरूपण बुवा उभ्या उभ्या रचतात. समोर कोण बसलंय, गावात काय घडलंय, आज कुठला दृष्टांत शोभेल, हे बघून प्रत्येक वाक्य नव्यानं तयार होतं. मेंदूत ह्या दोन गोष्टी वेगवेगळ्या हातांत आहेत. पाठ असलेलं, घोटलेलं, शिवी, मोजणी, प्रार्थना, ह्यांत उजवा गोलार्ध आणि मेंदूच्या तळातल्या गाठी यांचा मोठा वाटा असतो. नवं वाक्य रचणं मात्र बहुतेकांच्या डाव्या गोलार्धाच्या हवाली. लबोर्नची शिवी शाबूत होती आणि बुवांचा अभंग. दोघांचं निरूपण गेलं होतं. माणूस हा बोलणारा प्राणी झाला म्हणजे नेमकं काय झालं, हे मला इथे उमगलं. आवाज तर पक्ष्यांनाही आहे, पाठांतर पोपटालाही जमतं. समोर प्रसंग आला की पूर्वी कुणीच न म्हटलेलं वाक्य जुळवणं, हे काही लाख वर्षांत माणसाच्या मेंदूनं मिळवलं.

डार्विननं 1871 च्या ग्रंथात लिहिलं की माणसाचे पूर्वज शब्दांआधी सुरात आपलं मन सांगत असावेत. बुवांना पाहून मला त्याच्याकडे झुकावंसं फार वाटलं. पण तेवढ्यावरून तसं म्हणता येत नाही. बुवांचा अभंग म्हणजे शब्दांचीच रचना, आणि ती त्यांच्या मेंदूत पन्नास वर्षांच्या आवर्तनांनी मुरलेली होती. तो टिकला ह्याचं कारण ती आवर्तनं असू शकतात. गाणं आधी की बोलणं आधी, हे बुवांच्या आजारावरून ठरवणं बरं नव्हे.

जोड कुठे पडला हे मात्र थोडं अधिक नेमकं सांगता येतं. ब्रोकांनी लबोर्नचा मेंदू कापला नाही, अखंड ठेवला. त्यांनी पुढच्या पिढ्यांवर केलेला हा उपकारच. 2007 मध्ये त्याच मेंदूचं एमआरआय झालं आणि दिसलं की इजा वरच्या भागापुरती नव्हती. आतल्या पांढऱ्या तंतूंपर्यंत ती पोचली होती, बुवांच्या स्कॅनसारखीच. ऐकण्या-समजण्याचा कानामागचा भाग आणि रचून बोलण्याचा कपाळामागचा भाग ह्यांना सांधणारी एक कमानीसारखी तंतूंची जुडी असते. 2008 मध्ये जेम्स रिलिंग आणि सहकाऱ्यांनी मकाक माकड, चिंपांझी आणि माणूस ह्यांच्या मेंदूंतली ही जुडी शेजारी शेजारी ठेवून पाहिली. माणसात ती कानामागच्या भागात खूप खालपर्यंत पसरलेली, शब्दांचे अर्थ जिथे साठतात तिथवर. चिंपांझीत तिचा तो फाटा अगदीच लहान. माझ्या मते ह्या सगळ्या शोधांत हा सगळ्यात महत्त्वाचा. भाषा एका ठिकाणी बसलेली नाही. जुन्या ठिकाणांमधला रस्ता रुंद झाला. आणि एक रस्ता तुटला तर पर्यायी रस्ता वाढू शकतो. 2009 मध्ये बोस्टनला सहा रुग्णांवर सुरा-तालाचा कसून उपचार केल्यावर त्यांच्या उजव्या बाजूची तीच जुडी भरीव झालेली आढळली. रुग्ण सहाच, म्हणून जपून बोलायला हवं. पण माझ्यासारखीला ते वाचून किती बळ आलं, ते सांगता येत नाही.

लंडनमधल्या एका कुटुंबाचंही देणं राहतं. त्यांचं नाव कुणी छापत नाही. शास्त्रात ते 'केई' ह्या दोन अक्षरांनी ओळखले जातात. तीन पिढ्यांत निम्म्याच्या आसपास माणसांना बोलताना ओठ-जिभेच्या हालचाली ओळीनं लावता येत नव्हत्या. त्यांच्या रक्तातून 2001 मध्ये 'फॉक्सपी टू' ह्या जनुकातला बिघाड सापडला. वर्तमानपत्रांनी लगेच 'भाषेचं जनुक' असा मथळा केला, आणि तो चुकीचा होता. हे जनुक उंदरात आहे, गाणाऱ्या पक्ष्यांत आहे. तिथेही ते हालचाली शिकण्याच्या कामी येतं. त्यापासून बनणाऱ्या प्रथिनातले 715 घटक घेतले तर चिंपांझीत आणि आपल्यात फरक फक्त दोन ठिकाणी. ते दोन बदल निअँडरथलमध्येही सापडले, म्हणजे ते आपल्या एकट्याचे नव्हेत. त्या कुटुंबातल्या माणसांनी वर्षानुवर्षं चाचण्या दिल्या, मेंदूची चित्रं काढू दिली, अडखळत का होईना उत्तरं दिली. त्या बदल्यात त्यांची वाचा सुधारली असं काही झालं नाही. माझ्याकडे शब्द उशिरा येणारी मुलं येतात, तेव्हा मी आईबापांना 'तुमच्या संस्कारात कमी नाही' असं ठामपणे सांगू शकते. त्या ठामपणात ह्या अनोळखी कुटुंबाचा वाटा आहे.

बुवा पुन्हा कीर्तनाला उभे राहिले नाहीत. निरूपण परत आलं नाही. पण दोन-तीन शब्दांची स्वतःची वाक्यं येऊ लागली, भाव विचारणं, नातवाला हाक मारणं, माईंना 'जेवलीस का' म्हणणं, इतपत. पुढे दुसऱ्या बुवांच्या कीर्तनात ते टाळकऱ्यांच्या रांगेत उभे राहत. आमच्या बाईंना मी हे पत्रानं कळवलं होतं. त्यांचं उत्तर आलं त्यात माझं कौतुक एका ओळीचं होतं आणि माईंच्या चौकशीचं अर्धं पान.

हे देणं फेडण्याचा एकच मार्ग मला माहीत आहे, म्हणून वाचणाऱ्यांना विनंती करते. कुणाचं बोलणं अचानक अडखळलं, तोंड वाकडं झालं, हात उचलेना, तर घरी पडून बरं वाटेल म्हणून थांबू नका; रक्ताची गुठळी विरघळवण्याचं औषध सहसा पहिल्या साडेचार तासांतच देता येतं. आणि ज्यांच्या घरात वाचा गेलेलं माणूस आहे, त्यांनी त्याच्याशी मोठ्या आवाजात, लहान मुलाशी बोलावं तसं बोलू नये. त्याला ऐकू येतं आणि बहुतेकदा कळतंही. प्रश्न असा विचारा की हो-नाहीत उत्तर देता येईल, आणि मग वाट बघा, त्याचं वाक्य तुम्ही पुरं करू नका. सहा महिने झाले, आता काही होणार नाही, असं कुणी सांगितलं तरी उपचार सोडू नका. वर्षं उलटून गेल्यावरही माणसं नवे शब्द मिळवतात. मी ते पाहिलं आहे.